सेल्फ घेत नाही

या जूनमध्ये, शेवटच्या शनिवारी गावी गेलो होतो. गाव म्हणजे आमचं कोरेगावच्या बाजूचं, सातारा जिल्हा. आठ दिवस झोडपल्यावर पावसानं उघडीप दिली होती आणि रानाला वाफसा आला होता. ज्यांना शेतीचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो (माझ्या ऑफिसातले दोघे-तिघे हा ब्लॉग वाचतात, मुद्दाम त्यांच्यासाठी). वाफसा म्हणजे जमीन धड ओली नाही, धड कोरडी नाही अशी स्थिती. मातीची मूठ वळते पण हाताला चिखल लागत नाही. ही स्थिती दोन-तीन दिवस टिकते. तेवढ्यात सोयाबीन पेरलं तर पेरलं. पुन्हा पाऊस लागला की आठवडाभर हात चोळत बसायचं.

रविवारी सकाळी सव्वासहाला पुतण्यानं उठवलं. "काका, ट्रॅक्टर सेल्फ घेत न्हाय."

बाहेर गेलो. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, पडवीत खांबाला टेकून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा मुलगा म्हणजे आमचा दादा, तो गोठ्यापाशी उभा. पुतण्या ट्रॅक्टरवर बसून चावी फिरवत होता. चावी फिरवली की आतून एकच आवाज यायचा, टक्. पुढे काही नाही.

पेरणी यंत्र मागं जोडलेलं, बियाण्याची पोती पडवीत, आणि आजूबाजूच्या रानांत चार-पाच ट्रॅक्टर घरघरत होते. ज्या दिवशी आपलं बंद असतं त्या दिवशी दुसऱ्यांच्या इंजिनांचा आवाज फार मोठा येतो.

आता एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण माझ्या मते इथंच निम्मी माणसं चुकतात. "गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात आपण दोन वेगळे आजार कोंबतो. एकात सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतं पण पेट घेत नाही. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही. पहिल्यात डिझेल, हवा, फिल्टर, नोझल असं सगळं बघत बसावं लागतं. दुसऱ्यात डिझेलचा काही संबंधच नसतो. टाकी रिकामी असली तरी इंजिन फिरायला हवं. तरीही आमच्या शेजारच्या रानातले एक गृहस्थ बांधावरून ओरडून विचारत होते, "डिझेल हाय का बघितलं का?" माणूस सद्भावनेनं विचारतो, पण ताप आलेल्या माणसाला चष्म्याचा नंबर विचारल्यासारखं आहे हे.

फिरतच नाही म्हटल्यावर संशयित मोजकेच उरतात. बॅटरी, बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जाड वायरी आणि त्यांचे सांधे, चावीचा आणि सेफ्टी स्विचचा बारीक वायरीचा फेरा, स्वतः स्टार्टर, आणि शेवटचा, सगळ्यांत वाईट, म्हणजे इंजिनच आतून जाम झालेलं. एवढंच. चौकशीला सुरुवात कुठून करायची एवढाच प्रश्न.

आमच्याकडे चौकशी वगैरे करायची पद्धत नाही. फोनवर मेकॅनिकनं सांगितलं, "बॅटरी गेली आसंल, नवी टाका." बॅटरी मार्चमध्येच नवी टाकली होती, साडेसात हजारांची. का टाकली, तर तेव्हाही कधी कधी सेल्फ घेत नव्हता. त्याच्या आधी दिवाळीत स्टार्टर उतरवून कार्बन आणि बुश नवे घातले होते, त्याचे तीन हजार. का, तर तेव्हाही कधी कधी सेल्फ घेत नव्हता. मी हिशोब मांडला तर साडेदहा हजार रुपये खर्चून आम्ही जिथून निघालो होतो तिथंच उभे होतो. टक्.

याला मी दुरुस्ती म्हणत नाही. ही लॉटरी आहे. एक एक पार्ट बदलत जायचं, कधीतरी नंबर लागतो. आणि नंबर लागला की शेवटचा जो पार्ट बदलला तोच दोषी ठरतो, बाकीचे निर्दोष पार्ट भंगारात गेलेले असतात. मोजायला पाच मिनिटं लागतात, पण मोजायला कुणी तयार नसतं.

तर, मी मल्टिमीटर शोधायला घरात वळलो. तो आमच्या गाडीच्या डिकीत असतो, बायको त्याला माझा तिसरा मुलगा म्हणते. मागून पुतण्याचा आवाज आला, "काका, राहू द्या की. डायरेक्ट करतो." वळून बघतो तर हा खाली उतरलेला, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये वाकलेला, हातात चौदा-पंधराचा पाना, आणि तो पाना स्टार्टरच्या दोन नटांवर टेकवायच्या बेतात.

मी एवढ्या जोरात ओरडलो की गोठ्यातल्या म्हशीनं दावं ओढलं.

खेड्यात ज्यांनी ट्रॅक्टर बघितला आहे त्यांना मी काय बघितलं ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. चावीकडून जाणारा सगळा फेरा टाळून स्टार्टरच्या मोठ्या नटावरचा करंट पान्यानं थेट पलीकडे पोचवला की स्टार्टर फिरतो. चावी लागत नाही, न्यूट्रल लागत नाही, काही लागत नाही. हे करायला माणसाला उभं राहावं लागतं ते बरोबर मागच्या चाकाच्या पुढं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर स्टार्टरच्या जोरावर तो पुढं सरकतो, त्यातच इंजिन पेट घेतं, आणि मग दोन टनांचं धूड तुमच्या अंगावरून निघून जातं. जगभर, जिथं जिथं ट्रॅक्टर आहेत तिथं तिथं, माणसं अशी मेलेली आहेत. आणि आपल्याकडे हे जवळजवळ प्रत्येकाला करता येतं.

आमच्या घरात हे १९९८ साली झालं आहे. याच ट्रॅक्टरनं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला आलेलो. असाच जून, अशीच पेरणी. चावी फिरवून काही होईना म्हणून दादा पाना घेऊन खाली उतरला. रात्री कुणीतरी ट्रॅक्टर हलू नये म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवला होता. पाना टेकवला, ट्रॅक्टर पुढं आला, दादा मागं सरकताना घसरला आणि मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं. जमीन चिखलाची होती म्हणून पाय आत रुतला आणि वाचला, असं साताऱ्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. वाचला म्हणजे राहिला. दोन बोटं गेली, आणि दादा तेव्हापासून लंगडतो.

ट्रॅक्टर पुढं चाललाच होता. पुढं गोठा, गोठ्यात मोठी आई धार काढत बसलेली. मी धावत जाऊन वर चढलो आणि चावी बंद केली. काही झालं नाही. पुन्हा चालू करून पुन्हा बंद केली. तरी काही नाही. ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीला धडकला, चाकं जागच्या जागी फिरली, इंजिन गचके खाऊन बंद पडलं. भिंत दगडी होती म्हणून.

मी दोन महिन्यांपूर्वीच पेपरात डिझेल सायकलची आकृती काढून आलो होतो, चारही बिंदूंना नावं देऊन. रुडॉल्फ डिझेलनं आउग्सबुर्गला १८९७ साली आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, हे पाठ होतं. ठिणगी नसते, नुसती हवा दाबून तापवतात आणि तिच्यात डिझेल फवारतात, हेही पाठ होतं. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ मला त्या दिवशी सुचला नाही. ठिणगीच नाही तर चावी बंद करून थांबणार काय? जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज उरत नाही. बॅटरी काढून घरी नेली तरी ते फिरत राहतं. त्याला थांबवायचं तर डिझेल तोडावं लागतं, आणि त्यासाठी चावीच्या शेजारी एक काळा गोळा असतो, तो बाहेर ओढायचा. गावातल्या दहा वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. मला नव्हतं.

हे मी या ब्लॉगवर कधी लिहिलेलं नाही. घरातही कधी बोललो नाही. असो.

तर पुतण्याला चाकापासून लांब उभं केलं आणि पहिलं काम केलं ते गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, बॅटरीची वायर सुटी, आणि तो काळा गोळा बाहेर ओढलेला. मग क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून, त्याला हातभर पाईप जोडून इंजिन हातानं फिरवून बघितलं. जड गेलं, पण फिरलं. दोन पूर्ण फेरे.

हे मी सगळ्यात आधी का करतो ते सांगतो. कधी कधी सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असतं, हेड गॅस्केट गेलेलं असलं तर, किंवा गळक्या नोझलमधून डिझेल साठलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी दुसरा ट्रॅक्टर लावून ओढला किंवा उतारावरून सोडला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. "ओढून बघू" हा सल्ला देणारा माणूस रॉडचे पैसे देत नाही. हातानं फिरवलं की तुमच्या दंडालाच कळतं आत काय आहे. कॉम्प्रेशन येतं तेव्हा पाना जड होतो, मग हळूहळू सोडतो. पाणी असलं तर भिंत लागल्यासारखा थटतो.

हा दंडाचा अभ्यास मला आप्पांनी दिलेला आहे. विहिरीवर आमचं किर्लोस्करचं इंजिन होतं, हँडल मारायचं. किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली काढला, आणि माझ्या लहानपणी आमच्या शिवारात विहीर म्हटली की त्या इंजिनाचा ठेका आलाच. ते चालू करणं म्हणजे एक विधी होता. आधी वॉल्व्ह उघडा धरणारी छोटी दांडी उचलायची, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि फ्लायव्हील मोकळं फिरतं. मग हँडलनं वेग द्यायचा, आणि पुरेसा वेग आला की दांडी पाडायची. इंजिन एक उसासा टाकून धरायचं. आप्पा मला म्हणायचे, "अंगठा बोटांच्या संगं ठेव, हँडलाला मिठी मारू नगं." कारण इंजिन कधी उलटं फिरलं तर हँडल झटका देतं. मुठीत अंगठा वळवलेला असेल तर मनगट मोडतं, नसेल तर हात नुसता फेकला जातो.

त्या इंजिनाचं सगळं तुमच्या हाताला कळत होतं. थंडीत तेल घट्ट झालंय, आज कॉम्प्रेशन कमी वाटतंय, वेग कमी पडला. पेट्रोल इंजिनात हवा नऊ-दहा पट दाबली जाते, डिझेलमध्ये सोळा ते बावीस पट, आणि ती पाचशे अंशांच्या वर तापल्याशिवाय डिझेल नीट पेटत नाही. सावकाश दाबली तर उष्णता भिंतींतून निघून जाते, म्हणून वेग लागतो. हे मला पुढे पुस्तकात कळलं, पण खांद्याला आधी माहीत होतं. बटण आलं आणि ही ओळख संपली. आता आत काय चाललंय याची बातमी एका "टक्"वर येते, आणि तो टक् ऐकायचा कसा हे कुणी शिकवत नाही.

इंजिन जाम नाही हे ठरलं. आता बॅटरीची वायर पुन्हा जोडून मीटर लावला. बॅटरीच्या खुंट्यांवर १२.६. उत्तम. पूर्ण भरलेल्या बॅटरीला एवढंच हवं, १२.२ म्हणजे अर्धी उतरली. पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. ओझं उचलताना ती काय करते ते बघायचं. पुतण्याला सीटवर बसवून चावी मारायला लावली, टक् झालं, खुंट्यांवर ११.८. बॅटरी मेलेली असती तर आकडा धाडकन नऊच्या खाली गेला असता. म्हणजे बॅटरीत जोर आहे, पण तो स्टार्टरला पोचत नाहीये. हेडलाईट लावून बघितला तर एरवी लख्ख, चावी मारली की विझल्यासारखा. वाटेत कुठेतरी चोरी होत होती.

मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या लोखंडावर. ही दोन टोकं विजेच्या दृष्टीनं एकच असायला हवीत. सेल्फ मारताना फार तर अर्धा व्होल्ट फरक चालतो. चावी मारली. सात व्होल्टच्या वर.

दोषी सापडला. बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी.

इथं थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. घरातल्या मिक्सरला दोन-तीन अँपिअर लागतात. ट्रॅक्टरच्या स्टार्टरला इंजिन उचलताना तीनशे-चारशे लागू शकतात. एखाद्या सांध्यात फक्त ०.०१ ओहम अडथळा असला, जो साध्या मीटरवर धड दिसणारही नाही, तर तीनशे अँपिअरला तिथं तीन व्होल्ट खाल्ले जातात. बारातले तीन. हेडलाईट पाच-दहा अँपिअरवर भागतो, त्याला तोच सांधा अडवत नाही. म्हणून "लाईट लागतात म्हणजे वायरी ठीक आहेत" हा जो समज आहे तो चुकीचा आहे. पायवाटेवरून माणूस जातो म्हणून ट्रॉली जाईल असं नाही.

आणखी एक खूण मीटरशिवायही मिळाली असती. चार-पाच वेळा चावी मारून झाल्यावर त्या सांध्याला हात लावला तर चटका बसला. खाल्लेले व्होल्ट उष्णता होऊन बसतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं गिअर न्यूट्रल आहे याची खात्री करून, चावीवरचा हात काढायला लावून, एक एक सांधा चाचपावा. जो गरम तो चोर.

खात्रीसाठी जंपर केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या जाड लोखंडाला लावली. पुतण्यानं चावी मारली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात गरगरलं आणि पेटलं. काळा धूर, मग पांढरा, मग काही नाही. आप्पा पडवीतून म्हणाले, "झालं?" त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला वाटलं. एवढ्या लवकर व्हायला नको होतं.

पट्टी काढली तर बोल्टाखाली हिरवा गंज आणि त्यावर गेल्या वर्षी मारलेला रंग. कुणीतरी ट्रॅक्टर चकाचक करताना सांध्यावरच रंग मारला होता. तांब्याची वेणी आतून अर्धी तुटलेली. नवी पट्टी सत्तेचाळीस किलोमीटरवर, की फोनवरच्या मेकॅनिककडे, कुठे मिळेल या भानगडीत न पडता वेल्डिंगची जाड केबल कापून दोन टोकांना लग दाबून घेतले. लोखंड पॉलिश पेपरनं उघडं पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन. खर्च दीडशे रुपये, आणि वहिनीची व्हॅसलीनची डबी.

आता गंमत बघा. पुतण्यानं पाना टेकवला असता तरी इंजिन फिरलंच नसतं. करंटची परतीची वाटच बंद होती. एक पाय, दोन पाय, जे काही गेलं असतं ते शून्य फायद्यासाठी. पण फिरलं नसतं याची खात्री तेव्हा कुणाला होती? आणि सांध्यानं ऐनवेळी थोडा दम धरला असता तर?

जुगाड या शब्दाचं हल्ली फार कौतुक होतं. त्यावर भाषणं होतात, पुस्तकं निघतात, परदेशी पाहुण्यांना दाखवतात. मला त्या कौतुकाची चीड येते. अडचणीतून वाट काढणं निराळं, माझी वेल्डिंगची केबलही त्यातच मोडेल. पण पान्यानं डायरेक्ट करणं यात कसली कल्पकता आहे? तिथं आपण बिघाड शोधायचा टाळतो, आणि टाळल्याची किंमत ज्याच्या हातात पाना आहे त्याच्या नावावर लावतो. वर ती फेडायची वेळ आली की म्हणतो, नशीब. १९९८ साली आमच्याकडे पाहायला आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणाला होता.

असं सगळं मी दुपारी जेवताना, जरा आवाज चढवूनच, बोललो. कारण पट्टी बदलताना मला आणखी एक गोष्ट दिसली होती. या ट्रॅक्टरला हाय-लोच्या लिव्हरपाशी एक सेफ्टी स्विच आहे. लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय चावीचा करंट पुढं जात नाही. त्या स्विचच्या दोन वायरी कापून एकमेकींना पिळलेल्या होत्या, वर काळी टेप, टेपही जुनी, कडक झालेली. म्हणजे हा ट्रॅक्टर इतकी वर्षं कुठल्याही गिअरमध्ये चावीनं चालू होत होता. ज्या घरात एक पाय गेलाय, त्या घरात! मी म्हटलं, कुठल्या गाढवानं हे केलं?

आप्पांनी घास ताटात ठेवला. म्हणाले, "म्या करून घेतलंय."

कुणी काही बोललं नाही. मग तेच म्हणाले, "त्यो स्विचच खराब झालता तवा. म्हणून चावीनं घेत नव्हता. म्हणून त्यो खाली उतरला." दादाकडे न बघता हात केला. "दवाखान्यातनं आल्यावर मेकॅनिकला म्हटलं, आसं कर की चावीनं हमखास चालू झाला पायजे. पुन्यांदा कुणाला खाली उतराया लागू नये."

माझ्या दुपारच्या भाषणातली हवाच गेली.

मी अजून त्यावर विचार करतोय. तांत्रिकदृष्ट्या आप्पांनी केलं ते चूकच आहे. खराब झालेला पहारेकरी बदलायचा सोडून त्यांनी पहाराच उठवला. पण चाकापुढं उभं राहून चालू करण्यापेक्षा सीटवर बसून चालू करणं कितीतरी बरं, हा त्यांचा हिशोब खोटा नाही. पेरणीचा आठवडा होता, मुलगा दवाखान्यात, तो पार्ट मिळायला पुण्याला माणूस पाठवावा लागला असता, आणि मेकॅनिकच्या मागं चाळीस ट्रॅक्टर. जे हाताशी होतं त्यातून त्यांनी पुढच्या माणसाचा पाय वाचवायचा प्रयत्न केला. मी ज्याला गाढवपणा म्हणालो त्याला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्या घरातली माणसं सीटवर बसून चालू करत आली, आणि दादानंतर कुणाला काही झालं नाही. फक्त, का पिळल्या ते कुणाला सांगितलं नाही. त्यामुळं ज्या दिवशी चावीनं घेतला नाही, त्या दिवशी पोरगा पाना घेऊन पुन्हा तिथंच वाकला.

म्हणजे मी ज्या पद्धतीला शिव्या देतो तिचा दोष मला वाटला त्याहून निराळ्या जागी आहे. तात्पुरतं करणं भागच पडतं. ते तात्पुरतं आहे हे कुठं लिहून ठेवलेलं नसतं, आणि सांगायचं तर ज्या प्रसंगामुळं केलं तो प्रसंग काढावा लागतो. तो कोण काढणार? मीही चावीचं कुणाला सांगितलं नव्हतंच की.

त्या दुपारी सांगितलं. म्हटलं, "दादा, मी तेव्हा चावी बंद करत बसलो होतो. गोळा ओढायचा मला माहीत नव्हता." दादा भात कालवत होता. म्हणाला, "मला दिसलं की. खाली पडल्या पडल्या वरडत होतो, गोळा वढ, गोळा वढ. तुला ऐकू गेलं न्हाय." आणि हसायला लागला. वहिनीपण. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी जे पोटात घेऊन हिंडत होतो ते या माणसाच्या लेखी पुण्याच्या इंजिनिअरचा एक विनोद होता, आणि बहुधा सगळ्या भावकीला ठाऊक होता.

पेरणी सोमवारी संध्याकाळी संपली. मंगळवारी पहाटे पाऊस लागला.

स्विच मी पुण्यात शोधला. चार दुकानं फिरलो. तिसऱ्यानं विचारलं, "कशाला टाकताय साहेब, डायरेक्ट करून घ्या की." चौथ्याकडे मिळाला, साडेचारशे रुपये. बेंदराला गावी गेलो तेव्हा बरोबर नेला. बसवायला दादाच खाली बसला, लंगडा पाय पसरून. पुतण्या बॅटरी धरून. जुनी टेप निघेना, दादानं ब्लेडनं कापली. मी फक्त कुठली वायर कुठं ते सांगत होतो, तेही तो ऐकत नव्हता.

मग ट्रॅक्टर मुद्दाम लोमध्ये टाकला, पुढं कुणी नाही बघितलं, आणि पुतण्यानं सीटवरून चावी फिरवली. काही नाही. टक्सुद्धा नाही. पुन्हा फिरवली, काही नाही.

आप्पांनी पडवीतून विचारलं, "सेल्फ घेत न्हाय व्हय?"

"न्हाय घेत," दादा म्हणाला.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि पुरणपोळीला हाक मारली.